कॉमेडी पिक्चरमधला हिरो प्रेमात पडला की त्याला कसा लिहायचा

आमच्या सोलापुरात शॉर्टफिल्म आणि एकांकिका लिहिणारी पोरंपोरी आता बरीच झालीत, त्यातली काही जण मला स्क्रिप्ट वाचायला पाठवतात, आणि कॉमेडी असली की ती बहुतेक एकाच जागी बसते. पहिली पंधरा-वीस पानं झकास असतात, हिरो येडपट असतो, त्याचं येडपटपण आपल्याला आवडायला लागलेलं असतं, आणि मग हिरॉईनची एंट्री होते आणि गडी एकदम सरळ होतो. केस नीट विंचरतो, पुस्तकात लिहिल्यासारखं बोलतो, कंबर तलावाच्या काठावर उभा राहून आयुष्यावर दोन वाक्यं टाकतो. तिथून पुढं हसू आटतं ते आटतंच, शेवटी लग्नाच्या गोंधळात जरा धुगधुगी येते तेवढीच. हे का होतं आणि कसं टाळायचं ते जरा सविस्तर सांगतो, कारण मला खरंच वाटतं की प्रेम नीट लिहिलं तर कॉमेडीतल्या पात्राला त्याच्याएवढं खोल दुसरं काहीच नेत नाही.

सगळ्यात आधी खोड पक्की करा. कॉमेडीतलं पात्र एका खोडीवर चालतं, कंजूष असेल, घाबरट असेल, फेकू असेल, संशयी असेल, पण एकच आणि ठसठशीत. ‘तो जरा मजेशीर आहे’ ही खोड नाही. आणि अजून एक, या खोडीनं त्याचं आजपर्यंत भागलेलं असलं पाहिजे. थापा मारून खोली मिळालीय, गप्प बसून नोकरी टिकलीय, असं काहीतरी, नाहीतर माणूस ती खोड कशाला जपेल? मग प्रेम येतं आणि त्याचं कॉमेडीत एकच काम असतं, त्या खोडीची किंमत वाढवणं. कालपर्यंत जी फुकटात पचत होती ती आज महाग पडायला लागते.

सगळ्यांना तोंडपाठ असलेलं उदाहरण घ्या, 1988 चा ‘अशी ही बनवाबनवी’. अशोक सराफांचा धनंजय माने खोटं बोलतो ते राहायच्या जागेसाठी, घरमालकीण लग्न झालेल्यांनाच जागा देणार म्हणून मित्राला साडी नेसवून बायको केलेलं असतं. जागा मिळाली, विषय संपला. पण तो जिथं काम करतो त्या दुकानाची मालकीण माधुरी त्याला आवडायला लागते आणि तेच खोटं गळ्याशी येतं, कारण आता घरी बायको आहे ना. नवीन खोटं आणावं लागलं नाही बघा, जुनंच महाग झालं. हृषीकेश मुखर्जींचा 1979 चा ‘गोल माल’ याच्या एक पायरी पुढं जातो. नोकरी मिळवायला मिशीवाला रामप्रसाद साधाभोळा माणूस बनतो आणि पकडला जायची वेळ आली की बिनमिशीचा जुळा भाऊ उभा करतो, आता साहेबांना मुलीसाठी मिशीवाला पसंत आणि मुलगी बिनमिशीच्या प्रेमात. म्हणजे त्या माणसानं दोन तोंडं करून ठेवली होती आणि त्यातलं खरं कुठलं हे त्याच्या आधी त्या मुलीनं ओळखलं. प्रेमाकडून एवढं काम करून घेतलं तरी पुष्कळ झालं.

आता दुसऱ्यांचे पिक्चर बाजूला ठेवू आणि आपल्या गावातला एक माणूस घेऊन बघू.

मल्लू, म्हणजे मल्लिनाथ, वय 27, नवी पेठेत चादरी-टॉवेलच्या दुकानात सेल्समन. खोड अशी की त्याला कुणालाच नाही म्हणता येत नाही. गिऱ्हाईक म्हणालं हेच डिझाईन हिरव्यात पाहिजे, तर होऊन जाईल. मालक म्हणाले रविवारी पण ये, होऊन जाईल. दोस्त म्हणाला बे मल्लू दोन दिवस गाडी दे की, होऊन जाईल. आई म्हणाली अक्कलकोटला पोरगी बघायला जायचंय, होऊन जाईल. दुकानात ही खोड गुणच ठरते, मालक खूश, गिऱ्हाईक खूश, ते बिचारं हिरव्या चादरीची वाट बघत घरी बसलेलं असतं ते वेगळं. इथपर्यंत पात्र हसवतं पण त्याला अजून काही दुखत नाही.

याच्यासमोर कोण आणायची? नवीन लिहिणारे इथं सुंदर, हुशार, प्रेमळ असली विशेषणं लिहितात, त्यानं काही होत नाही. प्रश्न असा विचारा की ही खोड कुणाच्या समोर अजिबात चालणार नाही. मल्लूसाठी मला पद्मा सापडली, पूर्व भागातल्या तेलुगू घरातली, टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला. दिवसभर टॉवेल टेबलावर पसरायचा, वरून हात फिरवायचा, लूप, म्हणजे वरचे धाग्याचे फासे, सुटलेत का, तेलाचा डाग आहे का, काठ वाकडा शिवलाय का बघायचं, चांगला निघाला तर एका ढिगात आणि खराब निघाला तर सेकंडमध्ये. म्हणजे एकाला नाही म्हणता येत नाही आणि दुसरीला नाही म्हणायचाच पगार मिळतो. अशी जोडी सुचली ना की पुढचे प्रसंग आपोआप यायला लागतात, तुम्हाला ओढून आणावे लागत नाहीत.

पण पद्मा म्हणजे मल्लूला सुधारायचं यंत्र नाही, इथं फार जणांचं चुकतं. तिला स्वतःची खोड द्या आणि स्वतःचं काहीतरी पाहिजे असू द्या. पद्माची खोड तिच्या कामातूनच येते, तिला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते, हॉटेलात ग्लास उजेडाकडं धरून बघते, वहिनीनं केलेल्या कडक भाकरीचा काठ बघते, आणि आलेली चार स्थळं तिनं सेकंडमध्ये टाकलीत. तिला चार मशिनी घेऊन स्वतःचं शिलाईचं काम सुरू करायचंय, आणि रात्री झोपताना तिला भीती वाटते की आपल्याला आयुष्यात कुणी पसंतच पडणार नाही. ही भीती एकदाच दाखवा, अर्ध्या मिनिटात, पण दाखवा नक्की. दोघांनाही खोड असली की प्रेम दोन्हीकडून काम करतं. नाटकातलं बघायचं तर देवलांच्या 1916 च्या ‘संशयकल्लोळ’मध्ये फाल्गुनराव बायकोवर संशय घेतो आणि कृत्तिका नवऱ्यावर, दोघांना एकच रोग, आणि त्यामुळंच ते नवरा-बायको म्हणून इतके खरे वाटतात.

आता एक सीन जवळून बघू. मल्लू माल न्यायला कारखान्यात आलाय, पद्मा टेबलाशी उभी आहे, वर ट्यूबलाईट.

पद्मा: हा पास करू का?

मल्लू: कर की.

पद्मा: नीट बघ.

मल्लू: बघितलं की, एक नंबर आहे.

ती टॉवेलचा कोपरा उलटा करते. चार बोटं जागेत लूपच नाहीत, नुसती जाळी दिसते.

पद्मा: दिसलं नाही तुला, का दिसलं आणि बोलला नाहीस?

मल्लू: दिसलं.

पद्मा: मग?

मल्लू: तू विचारलंस ना, म्हणून हो म्हणलो.

ती काही बोलत नाही, टॉवेल सेकंडच्या ढिगात टाकते आणि दुसरा पसरते. जाता जाता मल्लू काहीतरी बोलायचं म्हणून विचारतो की या सेकंडचं पुढं काय करता, आणि ती मान वर न करता सांगते, आमच्या घरी सगळे सेकंडचेच आहेत, कारखान्यात स्वस्तात मिळतात, पाणी चांगलं ओढतात.

या सीनमध्ये कुणी कुणाला आवडतं असं म्हणत नाही. ‘म्हणून हो म्हणलो’ला लोक हसतात आणि त्याच वेळी त्यांना कळतं की या पोराचा हो म्हणजे कवडीमोल आहे, पद्माला पण कळतं. त्याला पहिल्यांदा खोडीची किंमत कळते ती इथं, आणि सेकंडचं वाक्य आपण पुढच्यासाठी पेरून ठेवलंय. तुमच्या स्क्रिप्टमध्ये असा एक तरी सीन लिहा, जिथं खोड प्रेमाच्या माणसासमोर उघडी पडते, आणि तो तिच्या कामाच्या जागी लिहा. बागेत नको, बागेत माणसं आपली चांगली बाजू दाखवतात, कामाच्या जागी खरी दिसतात.

यानंतर हसू कुठून येणार हे बदलत जायला पाहिजे, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. सुरुवातीला आपण हसतो ते मल्लू हो म्हणतो म्हणून. मधल्या भागात तो नाही म्हणायला जातो आणि हो होऊन बसतं, हसू तिथून आलं पाहिजे. शेवटाकडं सगळे त्याच्या होची वाट बघत बसलेले असतात आणि तो नाही म्हणतो, तिथं लोक हसतील पण आणि टाळ्या पण वाजवतील. खोड एकच, हसण्याची कारणं तीन. तुमचा हिरो शंभराव्या मिनिटाला पण दहाव्या मिनिटासारखाच हसवत असेल तर प्रेमानं त्याला हातच लावला नाही असं समजा, आणि चाळिसाव्या मिनिटाला एका गाण्यात सुधारला असेल तर तुमच्याकडं पुढच्या तासाभराला काही शिल्लक राहिलेलं नाही.

मधला भाग कसा रंगवायचा त्याचं एक उदाहरण देतो कारण इथं आपल्या गावाची भाषा फुकट मदत करते. मल्लूच्या घरी कन्नड, पद्माच्या घरी तेलुगू, दोघांचं आपसात मराठी. पद्माच्या वडिलांना मराठी चांगलं येतं, पण माणूस पारखायचा असला की ते तेलुगूवर येतात. मल्लूला तेलुगूतलं एकच येतं, ‘सरे’, म्हणजे बरं. ते काहीतरी विचारतात, हा म्हणतो सरे, अजून काही विचारतात, सरे, चहा येतो, सरे. बाहेर आल्यावर पद्मा सांगते की तू आमच्या मागावर आठवडाभर रात्रपाळी कबूल करून आलायस. मग रात्री मल्लू यंत्रमागाच्या शेडमध्ये, बारा माग खडाखड चालू, आणि तिथं तो आयुष्यात पहिल्यांदा, मनापासून, घसा ताणून म्हणतो, नाही, मला नाही जमणार! मागांच्या आवाजात कुणाला ऐकूच जात नाही. वडील दुरून हात करतात, काय? आणि मल्लू मान डोलावतो, सरे. पूर्व भागात ज्यांचं घर मागाच्या शेडला लागून आहे त्यांना हा आवाज अंगात माहितीये, त्यांना हा सीन समजावून सांगावा लागणार नाही. मला हा फार आवडतो कारण यात मल्लू बदललाय, नाही तोंडातून बाहेर पडलंय, फक्त जगाला अजून पत्ता नाही.

दुसरा हिरो, म्हणजे पद्माला आलेलं पाचवं स्थळ, पुण्यात नोकरी करणारा, शनिवारी संध्याकाळी पुण्याहून हुतात्मा एक्स्प्रेसनं येणारा, त्याला वाईट माणूस करू नका. त्याला स्पष्ट बोलता येतं, नको असलं की तो नको म्हणतो, मल्लूला जे जमत नाही ते त्याला सहज जमतं. तो चांगला असला तरच मल्लूला घाम फुटेल. मित्राचं पात्र मात्र लांबवू नका, हिरोला सल्ले देणारा मित्र प्रत्येक स्क्रिप्टमध्ये दहा पानं खातो, त्याची दोन करा.

भाषेबद्दल एक सांगायचंच आहे. माझ्या पहिल्या शॉर्टफिल्ममध्ये पात्रं सगळीकडं आपली सोलापुरी बोलायची, काय करलालास बे वगैरे, आणि प्रेमाचा सीन आला की दोघं एकदम प्रमाण मराठीत. एका स्पर्धेत ती दाखवली तेव्हा शेजारी बसलेल्या एक मावशी सुनेला म्हणाल्या, आता हे टीव्हीतल्यावानी बोलायला लागले की. मला ते फार लागलं आणि अजून आठवतं. आपण लहानपणापासून प्रेम दुसऱ्यांच्या भाषेत बघितलंय म्हणून प्रेमाचे संवाद लिहिताना हात आपोआप तिकडं जातो. थांबवा तो. उलट भाषेलाच नात्याचं माप करा. मल्लू दोस्तांना दर वाक्याला बे लावतो, पद्माशी बोलताना तो बे गिळतो, निम्मं वाक्य अडखळतं, हसू तिथंच आहे. आणि पिक्चरच्या मध्यानंतर कधीतरी पद्माच पहिल्यांदा त्याला म्हणते, चल की बे. त्या एका बेवर थिएटर हसेल आणि सगळ्यांना कळेल की गडी घरात आला. मी तुम्हाला खात्रीनं सांगतो, सोलापूरच्या माणसाला त्या जागी आय लव्ह यूची गरज नाही.

अजून एका गोष्टीवर मी अडून बसतो. पोरगी नाही म्हणाली तर ते नाही धरायचं. मागं मागं फिरणं, घरापर्यंत जाणं, मित्र गोळा करून रस्त्यात अडवणं याला कॉमेडी म्हणून लिहू नका, आपल्या पिक्चरवाल्यांनी ते फार वर्षं केलं आणि ते बघत मोठ्या झालेल्या पोरींना रस्त्यावर त्याचा त्रास झाला. मल्लूच्या गोष्टीत तर पद्मा पहिल्यांदा नाही म्हणते तेव्हा त्यानं ते गुपचूप मान्य करायला पाहिजे, लांब राहायला पाहिजे, कारण नाही या शब्दाची किंमत शिकणं हीच त्याची गोष्ट आहे. मग दोघं परत समोरासमोर आली तर ती कामामुळं येऊ दे, किंवा पद्मा स्वतः येऊ दे.

क्लायमॅक्स मला गड्ड्यात, म्हणजे आमच्या गावच्या जत्रेत दिसतो. जानेवारी, सिद्धेश्वरांची यात्रा, अक्षतेचा दिवस, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, सात नंदीध्वज, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्या, आणि अक्षता पडतात त्या संमती कट्ट्यावर पाय ठेवायला जागा नाही. मल्लूनं एकाच वेळेला आईला एका बाजूला भेटतो म्हणलंय, मालकांच्या पाहुण्यांना दुसऱ्या बाजूला, पद्माच्या वडिलांना तिसऱ्या बाजूला, आणि त्या गर्दीत दहा पावलं सरकायला पण वेळ लागतो. धावपळीची कॉमेडी इथं भरपूर आहे, फक्त हसू मल्लूच्या धांदलीचं राहू दे, सोहळ्याला धक्का लावू नका. पण मी ही जागा गर्दीसाठी निवडलेली नाही. अक्षता ज्या लग्नाच्या पडतात त्याची आख्यायिका आठवा, कुंभारकन्येनं सिद्धरामेश्वरांशी लग्न करायची इच्छा सांगितली, ते योगी, त्यांनी नाही म्हणलं, आणि तिचा मान राखून आपल्या योगदंडाशी विवाहाला परवानगी दिली. लहानपणापासून मी तिथं अक्षता टाकतोय, आणि मल्लूला लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं की आपलं अख्खं गाव दरवर्षी ज्या लग्नाला जमतं त्याच्या मुळाशी एक स्पष्ट आणि मायेनं दिलेला नकार आहे. मल्लूला हे कुणी समजावून सांगायचं नाही, त्यानं फक्त त्या गर्दीत उभं राहायचं, अक्षता टाकायची, आणि मग आईला जाऊन सांगायचं की अव्वा, अक्कलकोटचं जमणार नाही. मालकांना सांगायचं, मालक, रविवारी येणार नाही. दोन्ही वाक्यं साधी लिहा. आईला तो दुखावतोय हे त्याला दिसू दे, तिचा हात धरून सांगू दे. आतापर्यंत ज्याला हसलो त्याच्याबद्दल इथं घशात आवंढा येतो, आणि तो गंभीर झाला म्हणून येत नाही, तर त्याला हे दोन शब्द किती जड जातात ते आपण दीड तास बघितलंय म्हणून येतो.

लिहून झालं की एक परीक्षा घ्या. स्क्रिप्टमधून प्रेमाचा भाग पूर्ण काढा आणि बघा, बाकीचे प्रसंग तसेच घडतात का. घडत असतील तर प्रेम वरून चिकटवलेलं आहे, परत खोडीपाशी जा. दुसरं म्हणजे एकच प्रसंग दोनदा लिहा, सुरुवातीचा आणि शेवटचा, जागा तीच, वस्तू तीच, प्रश्न तोच, आणि उत्तर वेगळं. बदल भाषणात सांगितला की लोक विसरतात, हातातल्या वस्तूत दाखवला की लक्षात राहतो. दोघांचंही काहीतरी हललं पाहिजे, एकट्या हिरोचं नको. आणि मिठी, गाणं, पाहुणेरावळे जे काय असेल ते याच्या आधी उरकून घ्या, हा सीन शेवटचा ठेवा.

परत तोच कारखाना, तेच टेबल. पद्मा टॉवेल पसरते.

पद्मा: हा पास करू का?

मल्लू दोन्ही हातांनी टॉवेल उचलतो, ट्यूबलाईटकडं धरतो, एक काठ बघतो, दुसरा बघतो. वेळ लावतो. पद्मा कमरेवर हात ठेवून उभी.

मल्लू: नाही. हा जाणार नाही.

तो कोपरा उलटा करून दाखवतो, बोटभर जागेत लूप सुटलेत. ती वाकून बघते, टॉवेल त्याच्या हातातून घेते, नीट चौघडी घालते, आणि ढिगात न टाकता सुपरवायझरच्या टेबलावर ठेवते.

पद्मा: काका, हा माझ्या नावावर लिहा.

सुपरवायझर: सेकंड आहे की हा.

पद्मा: माहितीये.